वाट नाही, तर परवाना नाही

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यावर असलेले यशवंतपूर मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. महाराष्ट्रातील कांदा तेथील बाजार आवारात उतरत आला आहे. लातूर–यशवंतपूर, पंढरपूर–यशवंतपूर अशा नावांच्या गाड्यांनी हे स्थानक मराठी मुलखाशी जोडले गेले आहे. बाजार समितीचे आवार, रेल्वेचे जंक्शन, १ मार्च २०१४ रोजी सुरू झालेल्या मेट्रो मार्गावरील स्थानक आणि थोडे पुढे गेले की पीण्याची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत. हमाल, कारखान्यांतील कामगार, बांधकामावरचे मजूर आणि त्यांची शिकणारी मुले यांची जेथे अहोरात्र वर्दळ असते, तेथे कोणती इमारत कशी बांधली जाते हा केवळ स्थापत्यशास्त्राचा प्रश्न उरत नाही. कोणाला आत शिरता येईल आणि कोणाला पायरीशी ताटकळावे लागेल, हे इमारतीचा नकाशा मंजूर होतो त्याच दिवशी ठरून जाते.

या यशवंतपूर जंक्शनच्या पुनर्विकासाची पायाभरणी २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. खर्च सुमारे ३७५ कोटी रुपये. बंगळूरच्या उपनगरी रेल्वे प्रकल्पाची कोनशिलाही त्याच दिवशी बसली आणि त्या प्रकल्पाचा एक मार्ग यशवंतपूरवरूनच जातो. सोहळ्याला गर्दी होती, भाषणे झाली, आकडे सांगितले गेले. मात्र त्याच्या पाचच दिवस आधी दुसरी एक तारीख कोणाच्याही ध्यानीमनी नसताना उलटून गेली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४५ व्या कलमाने देशातील अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्यासाठी, नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घालून दिली होती. नियम जारी झाले १५ जून २०१७ रोजी. मुदत संपली १५ जून २०२२ रोजी. सुगम्य देशाची ग्वाही देणाऱ्या सरकारने त्या दिवशी जनतेपुढे हिशेब मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही.

जुन्या इमारतींचे दुखणे जुने आहे, ते दूर व्हायला वेळ लागेल, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या इमारती आज उभ्या राहत आहेत त्यांचे काय? उद्याचे अडथळे आज नव्याने, कोट्यवधी रुपये ओतून बांधले जात असतील, तर त्याला भूतकाळाचा वारसा म्हणता येत नाही. ती वर्तमानातील बेपर्वाई आहे, आणि तिच्यावर अधिकृत शिक्का उमटलेला आहे.

कायद्याने दिलेली दोन कुलपे

या बेपर्वाईला आवर घालण्याचे साधन कायद्यात नाही असे नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यात सरकारी यंत्रणांवरील जबाबदारी ‘आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत’ अशा शब्दांनी बांधून टाकली होती. म्हणजे तिजोरीत पैसा नाही म्हटले की जबाबदारी संपली. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला मान्यता दिली. त्यानंतर देशभरच्या अपंग संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावला, तेव्हा कोठे २०१६ चा कायदा आला. त्याचे ४४ वे कलम निःसंदिग्ध आहे. ठरवून दिलेल्या नियमांना धरून नकाशा नसेल तर कोणत्याही आस्थापनेला बांधकामाची परवानगी मिळणार नाही, हे पहिले कुलूप. बांधून झालेली इमारत त्या नियमांप्रमाणे नसेल तर पूर्णत्वाचा दाखला मिळणार नाही आणि इमारतीचा ताबाही घेता येणार नाही, हे दुसरे. आस्थापना म्हणजे केवळ सरकारी कचेरी नव्हे; खाजगी कंपनी, संस्था, मॉल, रुग्णालय, महाविद्यालय ही सारी तीत येतात.

ही कुलपे नकाशाच्या टेबलावरच का असावीत, हे साध्या त्रैराशिकाने कळते. इमारतीचे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा या प्रमाणातील रॅम्पला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी लागते. वर-खाली खुर्ची थांबवण्यापुरती सपाट जागा लागते ती वेगळीच. ही जागा नकाशातच सोडली नाही, तर मागाहून ती आणायची कोठून? मग उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात दोन मीटरांची घसरगुंडी ओतली जाते, तिच्यावर निळी पाटी लावली जाते आणि फाईलीत ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते. त्या घसरगुंडीवरून चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना हातून सुटते. पण नोंद खरीच असते! दाराची रुंदी, शौचालयात खुर्ची वळवण्यापुरती मोकळी जागा, अंधांसाठी जमिनीवरील स्पर्शपट्टी, लिफ्टमधील ब्रेल अंक व बोलती सूचना, बहिऱ्यांना दिसेल असा धोक्याचा इशारा, यांचेही तेच. विटेवर वीट चढण्यापूर्वी या गोष्टींचा खर्च एकूण खर्चात विरून जातो. भिंत उभी राहिल्यावर त्याच गोष्टींसाठी भिंत फोडावी लागते. मागाहून होणाऱ्या त्या खर्चाचा आकडा दाखवून ‘परवडत नाही’ म्हणणारे लोक आपल्याच चुकीचे बिल अपंगांच्या नावावर फाडत असतात.

कुलूप दिले, किल्ली काढून घेतली

इतका स्पष्ट कायदा असताना तो लागू का पडला नाही? कारण कायद्याने दिलेले नियमाने काढून घेतले. ४० व्या कलमाने केंद्र सरकारवर बंधनकारक मानके ठरवण्याची जबाबदारी टाकली होती. सरकारने २०१७ मध्ये १५ वा नियम केला आणि त्यात निरनिराळ्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले. ही तत्त्वे ‘शिफारस’ या स्वरूपाची. जे पाळलेच पाहिजे आणि जे पाळले तर बरे, यांची त्यांत सरमिसळ. नकाशा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ‘हे माप चुकले, म्हणून परवानगी नाही’ असे ठामपणे लिहिता येईल असे त्यात काही उरलेच नाही. ज्याला अडवायचे नव्हते त्याची सोय झाली. ज्याला अडवायचे होते त्याचे हात बांधले गेले.

अखेर सर्वोच्च न्यायालयालाच हे बोलावे लागले. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी सरकारांना निर्देश दिले होते. त्यांचे काय झाले हे हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राच्या पाहणीतून पुढे आले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १५ व्या नियमाचा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत, म्हणून अवैध ठरवला. तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, ते करताना अपंगांशी विचारविनिमय करा, आणि जे नियम मोडतील त्यांचे पूर्णत्वाचे दाखले रोखून व दंड बसवून कायदा अमलात आणा, असा तो आदेश आहे. ती तीन महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. नियमांचा कागद कोणत्याही रूपात पुढे येवो. त्याची परीक्षा दिल्लीच्या राजपत्रात होणार नाही, नगरपालिकेच्या नगररचना विभागातील टेबलावर होणार आहे.

कायदा द्यायचा आणि नियम अडकवून ठेवायचा, ही युक्ती काही भारतीय राज्यकर्त्यांनीच शोधून काढलेली नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यातील ५०४ व्या कलमाने सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना अपंगांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई केली; पण त्या कलमाखालील नियमांवर सही व्हायला चार वर्षे लागली. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत अपंग निदर्शकांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेने त्यांना रोजचे गरम जेवण पुरवले, कामगार संघटनांनी पाठबळ दिले. तेव्हा २८ एप्रिल रोजी सही झाली. अपंगांचा लढा दयेच्या आधारावर जिंकला जात नाही, इतर शोषितांच्या साथीने जिंकला जातो, हा त्यातील धडा आहे.

भारतातही याचा पडताळा आलेला आहे. जुलै २०२० मध्ये, देश महासाथीने ग्रासलेला असताना, केंद्र सरकारने या कायद्याखालील काही गुन्हे ‘किरकोळ’ ठरवून ते दंड भरून मिटवण्याची मुभा देण्याचा प्रस्ताव पुढे आणला. उद्योगधंद्यांची सुलभता हे त्याचे कारण सांगण्यात आले. अपंग संघटनांनी देशभर विरोध नोंदवला आणि काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली. उद्योगधंद्याची सुलभता आणि माणसाची सुलभता यांची गाठ पडली की राज्यकर्त्यांचा कल कोणीकडे असतो, हे त्या वेळी दिसले. आणि तो कल बदलून घेता येतो, हेही दिसले.

बंगळूरची गोम

यशवंतपूरच्या परिसरात हा प्रश्न आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा झाला आहे. रेल्वे आपल्या जागेवरील बांधकामासाठी नगरपालिकेच्या दारात जात नाही. रेल्वे कायद्याने तिला तशी मोकळीक आहे, तिची मंजुरी तीच देते. मेट्रोची आखणी मेट्रो महामंडळ करते. रस्ता आणि पदपथ महापालिकेचे. बाजार आवार बाजार समितीचे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, प्रत्येकाचा शिक्का वेगळा. चाकाच्या खुर्चीवरील माणसाचा प्रवास मात्र सलग असतो. मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे, पण बाहेर आल्यावर पदपथाला उतार नाही. फलाटापर्यंत पोहोचता येते, पण डब्याचे दार अरुंद आणि पायऱ्या उंच, अशी साखळी एका कडीशी तुटली तरी सारा प्रवास तुटतो. प्रत्येक खात्याची फाईल स्वतःपुरती निर्दोष आणि माणूस मात्र रस्त्यात अडकलेला, हे नोकरशाही कारभाराचे नेहमीचे चित्र आहे. म्हणून ज्याची त्याची मंजुरी पुरेशी नाही. एका परिसरातील सर्व बांधकामांचा, त्यांना जोडणाऱ्या वाटेसकट, एकत्रित तपास झाला पाहिजे. सरकारी आस्थापना म्हणून रेल्वेवरही ४४ वे कलम बंधनकारक आहे. आपणच अर्जदार आणि आपणच परवाना देणार, अशा ठिकाणी तर बाहेरच्या तपासणीची गरज दुप्पट असते.

दुसरी गोष्ट खाजगी बांधकामांची. २०२४ मध्ये बंगळूरला ‘नंबिके नक्षे’, म्हणजे विश्वासाचा नकाशा, या नावाची योजना सुरू झाली. ५० बाय ८० फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरांना, नोंदणीकृत वास्तुविशारद वा अभियंत्याच्या भरवशावर, संगणकावरच तात्पुरती मंजुरी देण्याची ही सोय आहे. लहान घरमालकाची दलालांच्या हातून सुटका होत असेल तर तिला आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण हाच ‘विश्वास’ उद्या मोठ्या व्यापारी इमारतींपर्यंत पसरवण्याची मागणी बांधकाम व्यावसायिकांनी केली, तर तिला ठाम नकार मिळाला पाहिजे. ज्याचे वेतन बिल्डर देतो त्यानेच बिल्डरच्या नकाशाला दाखला द्यायचा, या व्यवस्थेत अपंगांची बाजू घेणारा कोणीच उरत नाही.

तिसरी गोष्ट पूर्णत्वाच्या दाखल्याची. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात असा निर्देश दिला की, पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय इमारतीला वीज, पाणी, मलनिस्सारण यांची जोडणी देऊ नये. त्याबरोबर बंगळूरमध्ये हाहाकार उडाला. कारण असा दाखला न घेताच उभ्या राहिलेल्या इमारतींची संख्या प्रचंड होती. २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरांना या अटीतून सूट दिली. आयुष्याची कमाई घालून दोन खोल्या बांधणाऱ्याला अंधारात ठेवणे हा न्याय नव्हे, म्हणून ही सूट योग्यच आहे. पण या सुटीच्या आडून बड्या आस्थापनांना वाट मिळता कामा नये. जेथे दाखला घेण्याचीच रीत नाही, तेथे दाखला रोखण्याचा अधिकार शोभेचा ठरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळूर महापालिकेची पाच महापालिकांत विभागणी झाली. नव्या कचेऱ्यांनी जुन्या सवयी सोबत न्याव्यात, एवढी अपेक्षा तरी नागरिकांनी त्यांच्याकडून करावी काय?

हा प्रश्न कोणाचा?

‘आमच्या इमारतीत अपंग येतातच किती?’ असा प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर सोपे आहे: येता येत नाही म्हणून येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्रातील २९ लाख ६३ हजार आणि कर्नाटकातील १३ लाख २४ हजार होत्या. त्या गणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार विचारले होते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आहेत. म्हणजे खरी संख्या याहून मोठी आहे. शिवाय रॅम्पवरून केवळ खुर्ची जात नाही. गुडघे झिजलेली म्हातारी, पोटुशी बाई, डोक्यावर वा हातगाडीवर ओझे घेतलेला हमाल, सारेच जातात.

आणि या प्रश्नाला वर्गीय बाजू आहे, ती नजरेआड करता येणार नाही. धनिकाला अपंगत्व आले तर त्याच्या बंगल्यात लिफ्ट बसते, मोटार दारात येते, उचलायला नोकर असतात. सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, सार्वजनिक रुग्णालयात, सरकारी शाळेत, रेल्वेच्या साध्या डब्यात ज्याला जावेच लागते तो गरीब आणि मध्यमवर्गीय माणूस. परांचीवरून पडून कणा मोडलेला गवंडी, यंत्रात हात गमावलेला कारखान्यातील कामगार, ही श्रमाच्या बाजारात रोज घडणारी माणसे आहेत. ज्याच्या हातांनी इमारत उभी राहिली, त्यालाच भरपाईचा अर्ज घेऊन तिच्या पायऱ्यांशी थांबावे लागावे, यापरती विटंबना कोणती? बांधकामाच्या खर्चावर १ टक्का कामगार कल्याण उपकर नकाशा मंजूर करतेवेळीच वसूल करण्याची व्यवस्था १९९६ च्या कायद्याखाली झाली आहे. म्हणजे एखादी अट टेबलावरच पुरी करून घ्यायची असे ठरले, तर ती पुरी करून घेता येते. प्रश्न इच्छेचा आहे.

महाराष्ट्राने याबाबतीत कर्नाटकाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत अपंगांसाठी अडथळामुक्त वावराच्या तरतुदी आहेत. ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते आहे. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खार येथील विवाह नोंदणी कचेरीत, लिफ्ट नसल्यामुळे, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या नवरीला तिच्याच लग्नासाठी उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावे लागले. गवगवा झाल्यावर सरकारतर्फे दिलगिरी व्यक्त झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले, ‘दिव्यांग’ हा शब्दही त्याच महिन्यात पंतप्रधानांनी सुचवला, आणि अभियानाच्या मुदती मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. शब्द बदलल्याने जोत्याची उंची कमी होत नाही.

साधनांची सबबही टिकणारी नाही. बंगळूरला १९५९ पासून एन. एस. हेमा यांनी उभारलेली अपंगांची संघटना काम करीत आली आहे. कोल्हापूरला १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. स्वतः अपंग असलेल्या या स्त्रियांनी लोकांच्या मदतीवर जे करून दाखवले, ते शेकडो कोटींच्या प्रकल्पांना जमत नाही, हे कोणी मान्य करावे?

काय झाले पाहिजे

मागण्या अवघड नाहीत. नकाशाच्या तपासणीत सुगम्यतेसाठी स्वतंत्र तक्ता असावा आणि त्यात ‘आहे–नाही’ अशा खुणा न करता मापे आकड्यांत लिहावीत: उतार किती, दार किती, वळायला जागा किती. पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वी खुर्ची वापरणारे, अंध, बहिरे अशा व्यक्तींच्या समितीने, योग्य मानधन घेऊन, इमारत प्रत्यक्ष फिरून पाहावी आणि तिचा अहवाल दाखल्याला जोडून लोकांसाठी प्रसिद्ध करावा. ८९ व्या कलमातील पहिल्या गुन्ह्याचा १० हजार रुपयांपर्यंतचा दंड बड्या बांधकाम कंपनीला चहापाण्याच्या खर्चाएवढाही नाही. म्हणून दाखला रोखणे हीच खरी शिक्षा मानून ती न डगमगता बजावावी. यशवंतपूरसारख्या ठिकाणी रेल्वे, मेट्रो, बाजार समिती आणि महापालिका यांची संयुक्त तपासणी व्हावी. सरकारी गृहयोजनांत ३७ व्या कलमाने ठरवलेले अपंगांचे ५ टक्के आरक्षण कागदावर न राहता राहण्याजोग्या घरांच्या रूपाने मिळावे, आणि गरिबाच्या घरातील आवश्यक बदलांचा भार सरकारने उचलावा.

हे आपोआप होणार नाही. कामगार संघटनांनी, विशेषतः बांधकाम कामगारांच्या, रेल्वे कामगारांच्या आणि हमालांच्या संघटनांनी, हा प्रश्न अपंगांच्या संघटनांवर सोडून न देता आपल्या मागणीपत्रात घेतला पाहिजे. भिंत कोठे चुकते आहे हे गवंड्याला अधिकाऱ्याच्या आधी दिसते. रॅम्पची लांबी चोरली जात असताना ती मोजणारा आणि मोजून बोलणारा कामगार कामावर असेल, आणि त्याच्या पाठीशी त्याची संघटना उभी असेल, तर ४४ व्या कलमाला खऱ्या अर्थाने पहारेकरी मिळेल. यशवंतपूर असो, खार असो की लातूर, ‘वाट नाही, तर परवाना नाही’ हे कायद्याचे वचन आहे. ते सरकारकडून वसूल करून घेणे हे संघटित कष्टकरी जनतेचे काम आहे.